जुन्या गाडीत नवा अलार्म: १९६५ सालच्या एका एमजीबीचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गाडी १९६५ साली बनलेली, कापडी टपाची, दोन आसनी एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स गाडी आहे. मालक, इलेक्ट्रिशियन आणि विमा कंपनी यांची ओळख येथे दिलेली नाही. गाडी चांगल्या स्थितीत असून तिचे मूळ वायरिंग बहुतांशी शाबूत आहे. साधारणपणे दोन आठवड्यांतून एकदा ती रस्त्यावर येते आणि उरलेला सर्व काळ उभी असते.

बरीच वर्षे ही गाडी मालकांच्या बंदिस्त गॅरेजमध्ये सुरक्षित होती. घर बदलल्यावर ते गॅरेज गेले आणि गाडी इमारतीच्या तळघरातील सामाईक वाहनतळात उभी करावी लागली. तिथे रात्री कोणीही येऊ-जाऊ शकत होते आणि गाडीजवळ चार्जर लावण्यासाठी विजेचा पॉइंटही नव्हता. जागा बदलल्याचे कळवताच विमा कंपनीने पत्र पाठवून गाडीची सुरक्षा वाढवण्यास सांगितले. पत्र येताच मालकांनी ठरवले की गाडीला एक चांगला आधुनिक अलार्म बसवायचा आणि विषय मिटवायचा. हा निर्णय घेताना त्यांनी पत्र बारकाईने वाचलेले नव्हते, आणि प्रकरणाला पुढे जी वळणे लागली त्यांपैकी पहिल्याचे मूळ याच घाईत आहे.

गाडीच्या विद्युत रचनेबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर अवलंबून होता. सुरुवातीच्या एमजीबींमध्ये बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते, म्हणजे गाडी पॉझिटिव्ह अर्थ असते. १९६७ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ही रचना बदलून ऋण टोक सांगाड्याला जोडले गेले आणि डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. १९६५ च्या या गाडीत मात्र सीटच्या मागे, तळाशी, सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या आहेत. त्यांना भरणारा, ल्यूकास या विद्युत उपकरणे बनवणाऱ्या कंपनीचा सी४० डायनॅमो जास्तीत जास्त सुमारे २२ अँपिअर देतो आणि इंजिन संथ फिरत असताना जवळजवळ काहीच देत नाही. संपूर्ण गाडीला जेमतेम दोन फ्यूज आहेत, आणि बॅटरीपासून इग्निशन स्विचपर्यंत येणाऱ्या तपकिरी तारेला एकही फ्यूज नाही. या गाडीत दरवाजा उघडल्यावर लागणारा दिवा नव्हता, त्यामुळे दरवाजाच्या चौकटीत स्विचही नव्हते. सेंट्रल लॉकिंगचा तर प्रश्नच नव्हता.

अडचण

बाजारात मिळणारा जवळजवळ प्रत्येक अलार्म काही गोष्टी गृहीत धरूनच तयार केलेला असतो. गाडीचा सांगाडा ऋण आहे, दरवाजांना स्विच आहेत, छत पत्र्याचे आहे, बॅटरी रोजच्या वापरामुळे भरत राहते आणि गाडीतील विद्युतपुरवठा बऱ्यापैकी स्वच्छ आहे, ही ती गृहीतके. या गाडीत त्यांतील एकही लागू पडत नव्हते.

त्यातही ध्रुवतेचा प्रश्न सर्वांत गंभीर होता. पॉझिटिव्ह अर्थ गाडीत अलार्मच्या लाल आणि काळ्या तारांची नुसती अदलाबदल करून भागत नाही. अलार्मच्या पेटीचे धातूचे आवरण, अँटेनाचे बाहेरचे जाळीदार आवरण आणि सायरनची बैठक हे भाग आतून ऋण टोकाला जोडलेले असू शकतात. त्यांपैकी एखादा भाग धन असलेल्या सांगाड्याला टेकला की सरळ शॉर्टसर्किट होते. शिवाय दरवाजाचे स्विच, इंडिकेटर आणि इमोबिलायझरचे (परवानगीशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या उपकरणाचे) रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, या सर्वांची जोडणी उलट्या दिशेने विचार करून करावी लागते, आणि तशी जोडणी करण्याची सूचना कोणत्याही माहितीपुस्तिकेत नसते.

इथे एक पायरी मागे जाऊन नेमके कशापासून रक्षण करायचे आहे, हे मालक आणि इलेक्ट्रिशियन यांनी एकत्र बसून ठरवले. ही बैठक इलेक्ट्रिशियनच्या आग्रहामुळे झाली, आणि या प्रकरणातील सर्वांत उपयोगी तास तोच होता असे माझे मत आहे. त्यांच्यासमोर तीन शक्यता आल्या. पहिली म्हणजे कोणीतरी वायरिंगशी छेडछाड करून गाडी सुरू करेल आणि चालवत नेईल. या काळातील गाडीत ते फार अवघड नसते, कारण या गाडीला स्टिअरिंग लॉक नाही आणि चावीचा स्विच म्हणजे शेवटी दोन तारा जोडणारे एक साधे साधन आहे. दुसरी शक्यता, गाडी ढकलत किंवा उचलून ट्रेलरवर चढवली जाईल. गाडीचे वजन एक टनाच्या आसपासच असल्याने तेही शक्य होते. तिसरी शक्यता, टप कापून आतले सामान किंवा गाडीचे सुटे भाग पळवले जातील.

सायरनचा उपयोग मुख्यतः तिसऱ्या शक्यतेसाठी आहे, तोही आवाज ऐकून कोणी लक्ष दिले तर. पहिल्या शक्यतेवर उपाय इमोबिलायझरचा आणि दुसरीवर ट्रॅकरचा. एवढे स्पष्ट झाल्यावर विमा कंपनीचे पत्र पुन्हा वाचले गेले. त्यात अधिकृत तंत्रज्ञाने बसवलेला आणि प्रमाणपत्र असलेला मान्यताप्राप्त इमोबिलायझर, तसेच एक ट्रॅकर, एवढ्याच दोन गोष्टी मागितल्या होत्या. सायरनचा उल्लेखही नव्हता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय असा होता की गाडी पॉझिटिव्ह अर्थच ठेवायची आणि नवीन सर्व उपकरणे विलगित डीसी-डीसी कन्व्हर्टरवर चालवायची. या कन्व्हर्टरमध्ये आत येणारी आणि बाहेर जाणारी बाजू एकमेकींपासून विद्युतदृष्ट्या पूर्णपणे वेगळ्या असतात, त्यामुळे अलार्मला स्वतःचा स्वतंत्र ऋण संदर्भ मिळतो. गाडीच्या मूळ रचनेला हात लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र त्यासाठी प्रत्येक सेन्सरला परतीची स्वतंत्र तार द्यावी लागते, गाडीच्या मंडलांशी (सर्किटांशी) येणारा प्रत्येक संबंध कोरड्या संपर्काच्या, म्हणजे स्वतःची वीज न देता फक्त तारा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या, रिलेमार्फत आणावा लागतो आणि अलार्मचा एकही धातूचा भाग सांगाड्याला टेकणार नाही याची कायमची खबरदारी घ्यावी लागते. पुढे दहा वर्षांनी एखाद्या अनोळखी मेकॅनिकने भल्या हेतूने सायरन पत्र्यावर घट्ट बसवला, तर काय होईल याचा विचार करावाच लागतो. शिवाय कन्व्हर्टर स्वतःही चोवीस तास थोडी वीज खात राहतो.

दुसरा पर्याय गाडी निगेटिव्ह अर्थ करण्याचा होता. जुन्या गाड्यांच्या जगात हा बदल नवा नाही आणि त्याची पद्धत सर्वज्ञात आहे. बॅटऱ्यांची जोडणी उलटायची, डायनॅमोच्या गाभ्यातील अवशिष्ट चुंबकत्व नव्या दिशेने बसवायचे, इग्निशन कॉइलवरच्या दोन तारांची अदलाबदल करायची आणि ध्रुवतेला संवेदनशील असलेली उपकरणे बदलायची किंवा दुरुस्त करून घ्यायची. या गाडीत असे एकच महत्त्वाचे उपकरण होते, ते म्हणजे स्मिथ्सचा इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर. इग्निशनच्या पांढऱ्या तारेतून जाणारा प्रवाह मोजून तो इंजिनाचे फेरे दाखवतो, आणि आतून बदल केल्याशिवाय उलट्या ध्रुवतेवर तो चालत नाही.

तिसरा पर्याय गाडीच्या वायरिंगला जवळजवळ हात न लावण्याचा होता. त्यात एक लपवलेला बॅटरी कटऑफ (बॅटरी तोडणारा स्विच), एक यांत्रिक स्टिअरिंग लॉक आणि स्वतःच्या बॅटरीवर चालणारा ट्रॅकर एवढेच होते. मला व्यक्तिशः हा पर्याय फार आवडतो, कारण त्यात बिघडण्यासारखे सर्वांत कमी आहे आणि एका अनुभवी हाताने तो दिवसभरात पूर्ण होतो. परंतु विमा कंपनीला हवे असलेले प्रमाणपत्र त्यातून मिळणार नव्हते.

मूळपणाचा मुद्दा मालकांसाठी भावनिक होता, आणि तसा तो असणे योग्यच आहे. जुन्या वाहनांच्या जतनासाठी फिवा या आंतरराष्ट्रीय महासंघाने केलेल्या ट्युरिन सनदेत, करावा लागणारा बदल पूर्ववत करता येईल असा असावा, हे तत्त्व आहे. या तत्त्वाच्या कसोटीवर तिन्ही पर्याय तपासले गेले. निगेटिव्ह अर्थचा बदल बाहेरून दिसत नाही, त्यासाठी एकही भोक पाडावे लागत नाही आणि तो उलटवता येतो. टॅकोमीटरमधील बदल तेवढा कुशल हातांकडूनच परत फिरवावा लागेल.

निर्णय

विमा कंपनीने सुचवलेल्या इमोबिलायझरच्या अधिकृत तंत्रज्ञाने पॉझिटिव्ह अर्थ गाडीवर प्रमाणपत्र देण्यास नकार दिला, त्यामुळे पहिला पर्याय बाद झाला. तिसरा पर्याय प्रमाणपत्राअभावी आधीच मागे पडला होता. त्यामुळे गाडी निगेटिव्ह अर्थ करून इमोबिलायझर आणि अलार्म एकत्र असलेले उपकरण बसवायचे आणि ट्रॅकर वेगळा ठेवायचा, असे ठरले. सायरन विम्यासाठी आवश्यक नसला तरी उपकरणासोबत येतच होता, आणि टप कापला जाण्याची भीती मालकांना सर्वाधिक वाटत होती, म्हणून तो ठेवला गेला.

यानंतरचा निर्णय मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. इमोबिलायझरने नेमके कोणते मंडल तोडायचे? आधुनिक उपकरणांची माहितीपुस्तिका सहसा इग्निशन आणि स्टार्टर सुचवते. स्टार्टरचे मंडल तोडले तर चालत्या गाडीला काहीही धोका नाही, पण जुन्या गाड्यांच्या अनेक सोलेनॉइडवर (स्टार्टरला वीज जोडणाऱ्या स्विचवर) हाताने दाबायचे बटण असते, आणि गाडी ढकलूनही सुरू करता येते. इग्निशन तोडले तर अडथळा अधिक भक्कम होतो, पण रिलेचा संपर्क एका क्षणासाठी जरी सुटला तरी इंजिन तत्काळ बंद पडते, मग गाडी वळणावर असो वा ओव्हरटेक करत असो. उरला इंधन पंप. एमजीबीत एसयूचा विद्युत पंप गाडीच्या मागच्या भागात असतो, आणि त्याची तार लांबून येत असल्याने रिले कुठे लपवला आहे हे सहज सापडत नाही. पंप बंद झाला तरी दोन्ही कार्ब्युरेटरांच्या फ्लोट चेंबरमध्ये साठलेल्या पेट्रोलवर इंजिन थोडे अंतर चालते. मालक गाडी चालवत असताना बिघाड झाला, तर बाजूला घेण्याइतका अवधी त्यांना मिळतो.

म्हणून स्टार्टर आणि इंधन पंप ही दोन मंडले निवडली गेली आणि इग्निशनला हात लावला गेला नाही. या निवडीची एक बाजू अडचणीची आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. चोराने स्टार्टरचा अडथळा पार केला, तर गाडी तळघरातून बाहेर पडून काही अंतरावर, कदाचित भर रस्त्यात बंद पडू शकते. मालकांनी हा धोका समजून घेऊन स्वीकारला.

दोन्ही रिले असे जोडले गेले की इमोबिलायझरला वीज मिळेपर्यंत आणि त्याला मालकांची ओळख पटेपर्यंत मंडल तुटलेलेच राहील. याउलट जोडणी केली असती, तर अलार्मची तार कापताच गाडी मोकळी झाली असती.

सेन्सर निवडताना श्राव्यातीत (अल्ट्रासोनिक) ध्वनीवर चालणारा सेन्सर लगेच नाकारला गेला. बंद काचांच्या आणि पत्र्याच्या छताच्या गाडीत तो उत्तम काम करतो, पण कापडी टप वाऱ्याने थोडासा हलला तरी आतली हवा हलते आणि त्याला ते घुसखोरीसारखे वाटते. मायक्रोवेव्ह सेन्सर हवेच्या हालचालीने फसत नाही, परंतु त्याच्या लहरी कापडातून आरपार जातात, त्यामुळे शेजारून चालणारा माणूसही टिपला जाण्याची शक्यता असते. सामाईक वाहनतळात ते चालणार नव्हते. अखेर दरवाजे, डिकी व बॉनेट यांचे स्विच, एक धक्का सेन्सर आणि गाडी उचलली किंवा ओढली गेल्यास कोन ओळखणारा एक टिल्ट सेन्सर एवढ्यावर निवड थांबली.

प्रत्यक्ष काम

काम ध्रुवता बदलण्यापासून सुरू झाले. बॅटऱ्या उलट जोडताना एक बारकावा समोर येतो. बॅटरीचा धन खांब ऋण खांबापेक्षा किंचित जाड असतो, त्यामुळे जुन्या तारांच्या टोकांवरील पकडी नव्या जागी बसत नाहीत. पकडी कापून किंवा रेटून बसवण्याऐवजी तारांची टोकेच नव्याने करून घेतली गेली. डायनॅमोच्या एफ टोकावरील मूळ तार काढून बॅटरीच्या जिवंत टोकाकडून आलेली तार तिथे क्षणभर काही वेळा टेकवली, म्हणजे गाभ्याचे चुंबकत्व नव्या दिशेने बसले. कॉइलवरच्या तारांची अदलाबदल एवढ्यासाठी करायची की स्पार्क प्लगच्या मधल्या, गरम इलेक्ट्रोडकडे ऋण ध्रुवता कायम राहावी. ती न केल्यासही गाडी चालते, पण ठिणगीसाठी अधिक व्होल्टेज लागते, आणि ही उणीव बरेचदा थंड किंवा थकलेल्या इंजिनावरच लक्षात येते.

टॅकोमीटर एका उपकरण-दुरुस्ती करणाऱ्याकडे पाठवला गेला. तो परत येईपर्यंत गाडी अर्धवट अवस्थेत उभी राहिली, कारण मापक काढल्यावर इग्निशनची तार जोडून घेण्याची तात्पुरती सोय कोणी आखलेली नव्हती.

मूळ वायरिंगमधून वीज घेण्यासाठी तारा कापल्या गेल्या नाहीत. ल्यूकासच्या हार्नेसमध्ये (तारांच्या जुडग्यात) गोळीच्या आकाराचे कनेक्टर असतात. दोनऐवजी चार तोंडांची बाही वापरली की त्याच जागी नवी तार जोडता येते आणि उद्या काढली तर मागे काही खूण राहत नाही. तारेच्या आवरणात पाते घुसवणारे झटपट कनेक्टर पूर्णपणे टाळले गेले, कारण जुन्या तांब्याचे काही धागे त्यात तुटतात आणि उरलेल्यांना ओलावा लागून गंज चढतो. अलार्मची कायमची वीज बॅटरीजवळून घेऊन तिच्यावर अगदी सुरुवातीलाच स्वतंत्र फ्यूज बसवला. ज्या गाडीच्या मुख्य तारेला फ्यूज नाही, तिथे ही खबरदारी सर्वांत आधी घ्यायला हवी.

इंडिकेटरसाठी हिरवी-लाल आणि हिरवी-पांढरी या दोन तारांना अलार्मची दोन स्वतंत्र टोके जोडली. दोन्ही बाजू एकाच टोकाला जोडल्या असत्या, तर वळताना चारही दिवे एकदम लुकलुकले असते. चार दिव्यांचे प्रत्येकी २१ वॅट धरल्यास एकूण ८४ वॅट, म्हणजे सुमारे ७ अँपिअर होतात, आणि उपकरणाची क्षमता तेवढी आहे हे तपासून घेतले.

दरवाजांसाठी भोके पाडून पिन-स्विच बसवण्यास मालकांचा विरोध होता. पत्र्यात पाडलेले प्रत्येक भोक म्हणजे गंजाला आमंत्रण, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. म्हणून चुंबकावर चालणारे रीड स्विच निवडले. पोलादी पत्र्यावर चुंबक थेट बसवला की त्याचे क्षेत्र पत्र्यात पसरते आणि स्विच विश्वासाने चालत नाही, त्यामुळे चुंबक आणि पत्रा यांच्यामध्ये प्लास्टिकची जाड पट्टी ठेवावी लागली. बॉनेट मात्र या काळातील एमजीबीत ॲल्युमिनियमचे असल्याने तिथे हा त्रास झाला नाही. सायरन आधीच्याच एका बोल्टवर, एक्झॉस्टच्या उष्णतेपासून दूर आणि तोंड खाली करून बसवला, म्हणजे पाणी साचणार नाही.

ट्रॅकरची स्वतःची चार्ज होणारी बॅटरी आहे आणि तो अलार्मपासून पूर्णपणे स्वतंत्र ठेवला गेला. तो निवडताना केवळ २जी जाळ्यावर चालणारी स्वस्त उपकरणे बाजूला सारली, कारण अनेक देशांत ती जाळी बंद होत आहेत किंवा झाली आहेत, आणि जाळे गेले की ट्रॅकर मुका होतो. तळघरात त्याला उपग्रहाचा संकेत मिळत नाही. गाडी बाहेर पडल्यावरच त्याचे काम सुरू होते, हे मालकांना आधीच समजावून दिले होते.

परिणाम

सुरुवातीच्या आठवड्यांत तीन अडचणी आल्या. पहिली साधी होती. वाहनतळाच्या उतारावरून एखादे अवजड वाहन गेले की धक्का सेन्सर सायरन वाजवत असे आणि शेजाऱ्यांची तक्रार येत असे. संवेदनशीलता कमी केल्यावर ती थांबली.

दुसरी अडचण अधिक बोलकी होती. इंजिनाचे फेरे वाढले की अलार्मचा दिवा अधूनमधून लुकलुकू लागला, म्हणजे उपकरण क्षणभर भ्रमित होऊन पुन्हा सुरू होत होते. गाडीत अजून कॉन्टॅक्ट पॉइंटचे इग्निशन आणि शुद्ध तांब्याच्या गाभ्याच्या प्लग वायर होत्या. त्यांतून निघणारा विद्युतचुंबकीय गोंगाट जवळून गेलेल्या अलार्मच्या तारांत शिरत होता. अलार्मचा हार्नेस प्लग वायरींपासून दूर नेला आणि प्लगवर रोधक असलेल्या टोप्या बसवल्या, तेव्हा त्रास पूर्णपणे गेला. इमोबिलायझर जर इग्निशनच्या मंडलावर बसवला असता, तर याच लुकलुकण्यासरशी धावत्या गाडीचे इंजिन बंद पडले असते. पंप निवडण्याचा निर्णय किती महत्त्वाचा होता, हे इथे दिसले.

तिसरी अडचण बॅटरीची. मालक वीसेक दिवस परगावी गेले होते आणि परतल्यावर गाडी सुरू झाली नाही. साहजिकच संशय नव्या अलार्मवर गेला. इलेक्ट्रिशियनने बॅटरीच्या तारेत मिलीअँपिअर मापक जोडून पाहिले, तेव्हा बंद गाडीतून सुमारे ६० मिलीअँपिअर प्रवाह वाहत होता. अलार्म आणि ट्रॅकर मिळून त्यांतले केवळ २० होते. उरलेले ४० एका जुन्या दोषातून जात होते. हॉर्नच्या तारेचे आवरण स्टिअरिंग कॉलमपाशी झिजले होते आणि तिथल्या मळकट ओलाव्यातून थोडा प्रवाह सतत सांगाड्यात जात होता. हॉर्नचे मंडल चावीवर अवलंबून नसल्याने ही गळती रात्रंदिवस चालू होती. बॅटऱ्या लवकर थकतात हे मालकांना पूर्वीही जाणवत होते, पण त्यांनी ते बॅटऱ्यांच्या वयावर ढकलले होते.

हा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ४० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला ०.९६ अँपिअर-तास, दोन आठवड्यांत सुमारे १३. एवढ्या घटीनंतरही ५० अँपिअर-तासांच्या आसपास क्षमतेची बॅटरी इंजिन सुरू करते, म्हणून दोष झाकलेला राहिला. त्यात अलार्मचे २० मिळाल्यावर दिवसाला १.४४, म्हणजे वीस दिवसांत जवळजवळ २९ अँपिअर-तास गेले. अर्ध्याहून अधिक रिकामी झालेली जुनी बॅटरी स्टार्टर फिरवू शकली नाही, यात आश्चर्य नाही. तार दुरुस्त केल्यावर रोजची घट ०.४८ वर आली, आणि महिनाभर उभी राहूनही गाडी आता सुरू होते. डायनॅमोची मर्यादा लक्षात घेऊन मालक आता दर फेरीला थोडे लांबचे अंतर चालवतात. शहरातल्या छोट्या चकरांमध्ये ही घट भरून निघत नाही.

विमा कंपनीने प्रमाणपत्र स्वीकारले. त्यानंतरच्या सुमारे वर्षभरात चोरीचा प्रयत्न झाल्याचे आढळलेले नाही. यंत्रणा चोराला अडवते का, याचा पुरावा या प्रकरणातून मिळत नाही. ती गाडीला त्रास न देता तिच्यासोबत राहू शकते, एवढेच त्यातून दिसते.

काय वेगळे करता आले असते

बंद गाडीतून वाहणारा प्रवाह मोजण्याचे काम सर्वांत आधी व्हायला हवे होते. त्याला अर्धा तास लागतो आणि एक साधा मापक पुरतो. गळती सुरुवातीलाच सापडली असती, तर नव्या उपकरणावर अकारण संशय आला नसता आणि बॅटऱ्या खोलवर रिकाम्या होण्यापासून वाचल्या असत्या. शिशाच्या बॅटरीला एकदाच असे रिकामे होणेही महाग पडते.

प्लग वायरींचा प्रश्नही आधी ओळखता आला असता. जुन्या गाडीत कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवण्यापूर्वी त्या बदलणे किंवा रोधक टोप्या लावणे हा कामाचा भागच मानावा. टॅकोमीटर दुरुस्तीला पाठवण्याची वेळ नीट आखली असती, तर गाडी अर्धवट अवस्थेत अडकून पडली नसती.

सायरनबद्दल माझे मत इलेक्ट्रिशियनपेक्षा वेगळे आहे. त्यांच्या मते सायरन असल्याने चोर बिचकतो. मला वाटते की या गाडीच्या बाबतीत धक्का सेन्सर, चार स्विच आणि त्यांच्या तारा यांनी गुंतागुंत बरीच वाढवली, आणि त्या बदल्यात मिळालेले संरक्षण थोडेच आहे. केवळ इमोबिलायझर, ट्रॅकर आणि डोळ्यांना दिसणारे यांत्रिक स्टिअरिंग लॉक एवढ्यावर विम्याची अटही भागली असती. टप कापला जाण्याची भीती खरी आहे, पण तिच्यावर आतमध्ये मोलाचे काहीही न ठेवणे हाच अधिक चांगला उपाय ठरला असता.

एक गोष्ट काम संपल्यावर काही महिन्यांनी केली गेली, ती खरे तर पहिल्या दिवशीच करायला हवी होती. गाडी आता निगेटिव्ह अर्थ आहे हे सांगणारी स्पष्ट पट्टी बॅटऱ्यांच्या झाकणाखाली आणि बॉनेटच्या आत चिकटवली गेली, आणि नव्या जोडणीचा आराखडा गाडीच्या कागदपत्रांत ठेवला गेला. मधल्या काळात एखाद्या मेकॅनिकने १९६५ ची माहितीपुस्तिका उघडून बॅटऱ्या जुन्या पद्धतीने जोडल्या असत्या, तर अलार्म आणि दुरुस्त केलेला टॅकोमीटर दोन्ही एका क्षणात जळू शकले असते. इमोबिलायझर हाताने मोकळा करण्याचा गुप्त क्रमांक असलेला कागदही सुरुवातीला ग्लोव्ह बॉक्समध्ये होता. रिमोटची बॅटरी संपल्यावर तो शोधताना ही बाब लक्षात आली, आणि आता तो मालकांच्या घरी वेगळ्या जागी ठेवलेला आहे.